घडीची सायकल घेऊन श्रीगोंद्याला



प्रवासवर्णन म्हटले की काश्मीर आठवते, केरळ आठवते, नाहीतर परदेश. माझा प्रवास त्यामानाने अगदीच लहान आहे. पुण्याहून श्रीगोंदा! सकाळी निघावे आणि दुपारच्या भाकरीला आत्याच्या दारात उभे राहावे, एवढाच. पण गेल्या तीन वर्षांपासून या प्रवासात माझ्याबरोबर एक सोबतीण असते. तिचे वजन तेरा किलो. ती घरात पलंगाखाली झोपते, गाडीत दाराजवळच्या कोपऱ्यात गप्प बसते आणि स्टेशनाबाहेर आली की मलाच पाठीवर घेऊन पळते. ती म्हणजे माझी घडीची सायकल.

घडीची खुर्ची आपण पाहिली आहे, घडीची छत्री पाहिली आहे. पण सायकलची घडी? मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मलाही हसूच आले होते.

दोन सायकली गेल्या, तिसरी पलंगाखाली आली

आम्ही विश्रांतवाडीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. दोन खोल्या, एक मोरी, आणि जिन्याखाली सगळ्या इमारतीच्या गाड्यांची गर्दी. ऑफिसला जाण्यासाठी मी आधी एक साधी लेडीज सायकल घेतली होती. कुलूप लावून जिन्याखाली ठेवायचे. सहा महिन्यांत ती गेली. दुसरी घेतली, तीही गेली. घरात ठेवावी तर जागा नाही, खाली ठेवावी तर राहत नाही. शहरात राहणाऱ्या साध्या माणसाची ही अडचण घरोघरची आहे. एकेकाळी पुणे म्हणजे सायकलींचे शहर म्हणून देशभर प्रसिद्ध होते. आता त्याच पुण्यात सायकल चालवायला रस्ता नाही आणि ठेवायला कोपरा नाही!

ऑफिसच्या जवळच एका तरुणाची घडीची सायकल विकायची होती. त्याची बंगलोरला बदली झाली होती. त्याने माझ्यासमोर दोन खटके उघडले, सायकल मधोमध मिटली, हँडल खाली पडले, सीट आत गेली आणि पाऊण मिनिटात सायकलचे गाठोडे झाले. मी साडेआठ हजार रुपये दिले आणि ते गाठोडे रिक्षात घालून घरी आणले. मुलगा म्हणाला, "आई, लहान मुलाची सायकल आणलीस का गं?" कारण तिची चाके वीस इंचांची. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलची चाके अठ्ठावीस इंचांची असतात.

चाक लहान म्हणून सायकल हळू चालते, असा समज आहे. तो खरा नाही. लहान चाक एका फेऱ्यात कमी अंतर कापते, म्हणून पायडलजवळचे दाते असलेले चक्र मोठे आणि मागचे लहान ठेवतात. त्यामुळे पायडल एकदा फिरले की मागचे चाक जास्त वेळा फिरते आणि हिशोब बरोबर होतो. मात्र खड्डा लहान चाकाला जास्त जाणवतो, हे खरे. मोठे चाक ज्या खड्ड्यावरून नुसते दचकून जाते, त्यात लहान चाक उतरून बसते. आणखी एक सोय बायकांनी ध्यानात घ्यावी. या सायकलला मधला आडवा दांडा वर नसतो, खाली असतो. साडी नेसूनही बसता-उतरता येते.

ही काही आजची युक्ती नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या सैन्यात घडीच्या सायकली होत्या. दुसऱ्या महायुद्धात छत्रीने उतरणाऱ्या ब्रिटिश सैनिकांसाठी बीएसए कंपनीने घडीच्या सायकली बनवल्या. पुढे लंडनच्या अँड्र्यू रिची या तरुणाने १९७० च्या दशकात आपल्या राहत्या घरात एक नमुना तयार केला. घराच्या खिडकीतून ब्रॉम्प्टन नावाचे चर्च दिसत होते, म्हणून सायकलचे नाव ब्रॉम्प्टन. अमेरिकेत डेव्हिड हॉन नावाचे पदार्थवैज्ञानिक होते. तेलाची टंचाई पाहून ते या विषयाकडे वळले आणि १९८२ साली त्यांनी डाहॉन कंपनी काढली. सैनिकाची गरज निराळी, लंडनच्या नोकरदाराची निराळी. पण दोघांचा प्रश्न एकच होता. वाहन मला नेते तेव्हा ठीक. पण मी वाहनाला कसे नेऊ?

आप्पांची सायकल

माझे वडील आप्पा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. सकाळचा भोंगा झाला की खडकीच्या रस्त्यावर सायकलींचा पूर यायचा. त्यात आप्पांची अ‍ॅटलास असायची. ती काळी, उंच, भक्कम सायकल आप्पा रविवारी अंगणात उलटी करून धूत. चेनला तेल, छऱ्यांना वंगण, तारांना फडके. मी सायकल शिकले ती त्याच अ‍ॅटलासवर, दांड्याखालून पाय घालून, हाफ पायडल मारत. गुडघे किती फुटले त्याची गणती नाही. २०२० च्या ३ जूनला, नेमके जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद झाल्याचे वाचले तेव्हा घरातले कोणी गेल्यासारखे वाटले. आप्पा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते.

आप्पांची एक खोड आम्हा भावंडांना फार गमतीची वाटायची. रस्त्यात चार म्हातारी माणसे पारावर बसलेली दिसली, की आप्पा सायकलवरून उतरायचे. हातात धरून चालत जायचे. पुढे गेले की पुन्हा बसायचे. पुण्यात! विश्रांतवाडीत! ओळख ना देख! आम्ही विचारले की हसून म्हणायचे, "सवय आहे." आम्हाला वाटे, आप्पा फारच नम्र आहेत. मागच्या आळीतली पोरे त्यांची नक्कल करायची आणि आम्हीही हसायचो. आज ते हसणे आठवले की जीभ चावावीशी वाटते.

'रोड' म्हणजे काय?

आमचे मूळ गाव श्रीगोंदा तालुक्यातले. जिल्हा पूर्वीचा अहमदनगर. २०२४ पासून अहिल्यानगर. आप्पांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, श्रीगोंदा शहरातच राहते. वय ऐंशीच्या जवळ आले आहे. डोळ्यांना कमी दिसते, पण जीभ अजून धारदार आहे. तिला भेटायला जायचे म्हणजे पूर्वी अर्धा दिवस जायचा आणि त्यातला बराचसा शेवटच्या थोड्या अंतरात जायचा.

कारण असे, की दौंड-मनमाड लोहमार्गावर स्टेशन आहे ते 'श्रीगोंदा रोड'. रेल्वेच्या नावात जिथे 'रोड' येते, तिथे गाव नसते, गावाकडे जाणारा रस्ता असतो! याच मार्गावर पुढे रांजणगाव रोड आहे, त्याचेही तेच. १८७८ साली हा मार्ग सुरू झाला, तेव्हा रुळांना सोपी पडेल तिथून गाडी गेली. गाव राहिले बाजूला. स्टेशनावर उतरावे, बाहेर येऊन उभे राहावे. काळी-पिवळी जीप असली तर ती भरेपर्यंत थांबावे. नसली तर कोणाच्या तरी मोटारसायकलला हात करावा. बाई माणसाने कोणाच्या मागे बसावे आणि कोणाच्या नाही, याचा विचार करत उन्हात उभे राहावे. मोठे अंतर पैशाने कापता येते, पण हे थोडे अंतर दुसऱ्याच्या मर्जीवर असते.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी मी ठरवले की आत्याकडे जायचे ते सायकल घेऊनच.

गाडीत सायकल : सामान की वाहन?

पुणे स्टेशनावर मी सायकलची घडी घातली आणि जुन्या चादरीची शिवलेली पिशवी तिच्यावर चढवली. पिशवी महत्त्वाची आहे. चेनचे काळे तेल शेजाऱ्याच्या पांढऱ्या धोतराला लागले, तर पुढचा प्रवास गोड होत नाही.

साधी सायकल रेल्वेने न्यायची तर ती लगेजच्या डब्यात बुक करावी लागते. दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला पस्तीस किलोपर्यंत सामान फुकट नेता येते, पण सायकल-स्कूटरला ती सवलत नाही. मग घडी घातलेली सायकल काय? सामान की वाहन? दौंडच्या गाडीत तिकीट तपासनीस आले आणि नेमका हाच प्रश्न उभा राहिला.

"बाई, यात काय आहे?"

"सायकल आहे साहेब."

"सायकल? मोडून आणली?"

"मोडली नाही, मिटली आहे."

त्यांनी पिशवी वर करून पाहिली. दोन वेळा पाहिली. प्रवाशाजवळच्या पेटीचे माप शंभर बाय साठ बाय पंचवीस सेंटिमीटर असे असते. माझी घडी लांबीला पुष्कळ कमी, पण रुंदीला आणि जाडीला थोडी जास्त भरते, हे मी इथे कबूल करते. मी म्हणाले, "लगेजचे पैसे होत असतील तर पावती फाडा." ते हसले. "वाटेत ठेवू नका. गर्दी झाली की उभी करा," एवढे बोलून पुढे गेले. सगळीकडे असेच होईल, असे मी सांगत नाही. म्हणूनच गर्दीच्या वेळी मी जात नाही, आणि कोणी पावती फाडली तर वाद घालत नाही.

हडपसर, लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस अशी स्टेशने गेली आणि सुमारे पंच्याहत्तर किलोमीटरवर दौंड आले. इथे गाडी बदलायची. दौंड सुटले की लगेच भीमेचा पूल लागतो. नदीच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे आपला. आप्पा असते तर पुलावर एकदा खिडकीतून पाहिले असते आणि "आलो," असे म्हणाले असते. मग काष्टी. काष्टीचा जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. आणि पुढे श्रीगोंदा रोड.

गाडी गेली, स्टेशन शांत झाले. मी बाहेर आले, पिशवी काढली, मधला खटका बसवला, हँडल उभे केले, सीट वर ओढली. दोन मुले आणि एक कुत्रे बघत उभे होते. माझ्याबरोबर उतरलेले चार जण जीपची वाट पाहत होते. मी पायडल मारले आणि निघाले. वाचकहो, माझे वय तेव्हा पन्नास. पण त्या पहिल्या शंभर पावलांत मला जे वाटले, ते दांड्याखालून पाय काढून पहिल्यांदा सीटवर बसले होते, त्या दिवशी वाटले होते.

बाभळीचा काटा आणि टपरीवरचा पोरगा

या तालुक्याची दोन रूपे आहेत. घोड आणि कुकडीच्या कालव्यांचे पाणी जिथे आले, तिथे ऊस, द्राक्षे, लिंबाच्या बागा. जिथे नाही आले, तिथे माळ आणि बाभळी. साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागतात आणि हवेत मळीचा वास भरतो. त्या दिवसांत सायकलवाल्याने रस्त्याच्या कडेनेच जावे. उसाच्या ट्रॉलीला मागचे दिसत नाही.

कडेने जायचे म्हणजे काट्यांतून जायचे. अर्ध्या वाटेवर पुढच्या चाकातून फुस्स असा आवाज आला. बाभळीचा काटा! हातात सायकल धरून चालत निघाले. पत्र्याच्या एका टपरीबाहेर जुना टायर टांगलेला दिसला. आत विशीतला एक पोरगा मोटारसायकलचे पंक्चर काढत होता. माझी सायकल पाहून त्याने हातातले काम खाली ठेवले.

"ताई, ही मधीच तुटलीय."

"तुटली नाही रे, तिथेच मिटते."

ट्यूब काढली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडे धरले, कानशीने घासली, सोल्यूशन लावून ठिगळ चिकटवले. हवा भरायला घेतली तेव्हा तो म्हणाला, "व्हॉल्व गाडीसारखा हाय. बरं झालं. जुन्या सायकलीचा असता तर हातपंप शोधावा लागला असता." पूर्वी गावोगाव सायकलचा हातपंप असे. आता प्रत्येक पंक्चरवाल्याकडे मोटारसायकलसाठी हवेचे यंत्र आहे. माझ्या सायकलला ते चालते. माझी विलायती म्हणून हसण्यासारखी सायकल गावात अशी सोयीची निघाली! चाळीस रुपये घेतले. आणि जाताना म्हणाला, "एकदा घडी घालून दाखवा की!" दाखवली.

गावाच्या नावाची गोष्ट

श्रीगोंदा हे सरस्वती नदीकाठचे जुने गाव. जुन्या कागदपत्रांत त्याचे नाव चांभारगोंदे. गोविंद नावाच्या एका भाविक चर्मकारावरून ते पडले, असे सांगतात. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांच्या कथेत चांभारगोंद्याच्या शेषो नाईक पुंडे या सावकाराचे नाव येते, ते हेच गाव. पुढे ते शिंद्यांकडे आले. महादजी शिंद्यांच्या घराण्याच्या खुणा गावात आहेत. आणि याच गावात सतराव्या शतकात शेख महंमद होऊन गेले. जन्माने मुसलमान, लिहिले मराठीत. 'योगसंग्राम' हा त्यांचा ग्रंथ. त्यांच्या समाधीवर आजही हिंदू-मुसलमान दोघेही माथा टेकतात.

एका चर्मकाराच्या नावाने ओळखले जाणारे गाव, आणि एका मुसलमान संताला डोक्यावर घेणारे गाव! याचा अभिमान वाटावा. पण नावातला 'चांभार' गेला आणि 'श्री' आला. आत्या म्हणते, "श्री आली ते चांगलंच झालं. पण चांभार काय वाईट व्हता? गाव त्येच्यामुळं, आन् त्यालाच भाईर!" तिचे शिक्षण दुसरीपर्यंत. पण एवढ्या कमी शब्दांत हा इतिहास मला अजून कोणी सांगितलेला नाही.

आत्याच्या दारात सायकल उभी केली तेव्हा ती ओट्यावर लसूण सोलत होती.

"जय भीम, आत्या."

"जय भीम. आगं, एकटीच? जीप कुठं हाय?"

मी सायकलची घडी घालून तिच्यापुढे ठेवली. तिने हाताने चाचपून पाहिली. चाक, दांडा, सीट. मग म्हणाली, "काय बाई ही सायकल का छत्री!" शेजारच्या काकूंनी विचारले, "आता हिच्यावर वेड पांघरून पेडगावला निघालीस का काय?" सगळ्या हसल्या. ही म्हण महाराष्ट्रभर वापरतात, पण ते पेडगाव याच तालुक्यात भीमेच्या काठी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिथे बहादूरगड आहे. १६८९ साली संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबापुढे आणले ते तिथे. किल्ल्यात लक्ष्मीनारायणाचे जुने कोरीव मंदिर आहे. पुढच्या खेपेला मी खरोखरच सायकलवरून पेडगावला गेले. वेड पांघरायची गरज पडली नाही. घरच्यांनी मला आधीच वेडी ठरवले होते.

आप्पा का उतरत होते?

त्या दुपारी जेवण झाल्यावर आत्याचा हात पुन्हा सायकलवर फिरू लागला. म्हणाली, "तुज्या बापाला अशी मिळाली असती तर."

मी विचारले, "अशी म्हणजे?"

मग तिने सांगितले. १९६० च्या आसपासची गोष्ट. आप्पा गावाहून श्रीगोंद्याला हायस्कुलात येत. त्यांचे मामा रेल्वेत गँगमन होते. त्यांनी आपली जुनी सायकल भाच्याला दिली. वस्तीतून निघाले की वाट गावातून जायची आणि गावाच्या मध्यावर चावडी. तिथे सायकलवर बसून जायचे नाही, उतरून चालायचे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. सगळ्यांना पाठ होता. एके दिवशी आप्पा उतरले नाहीत. बसून गेले. दुसऱ्या दिवशी चावडीपाशी पोरांनी सायकल अडवली. दोन्ही चाकांची हवा सोडली आणि व्हॉल्वट्यूब काढून नेल्या. आप्पा तशीच सायकल ढकलत श्रीगोंद्यापर्यंत गेले. शाळेत पोहोचले तेव्हा पहिले दोन तास संपले होते. मास्तरांनी कारण विचारले. आप्पा म्हणाले, "पंक्चर झाली."

पुढे मॅट्रिक झाले, पुण्याला गेले, कारखान्यात लागले. गाव सुटले. पण चार माणसे बसलेली दिसली की पाय आपोआप खाली यायचा. तो थेट शेवटपर्यंत येत राहिला.

मी काही बोलले नाही. आम्ही हसत होतो, ती ही गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली आणि गावाला निघाले. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसे बदलली आहेत, रस्ता डांबरी झाला आहे, आणि तसले गाव काही ते एकटेच नव्हते. चावडीच्या जागी आता ग्रामपंचायतीची इमारत आहे. ओट्यावर दोन-तीन म्हातारी माणसे ऊन खात बसली होती. मी त्यांच्यासमोरून सायकलवर बसून गेले. थोडे पुढे गेले आणि मग वळून परत आले, कारण मला तिथे थांबायचेही होते.

एका म्हाताऱ्याने विचारले, "कोणाची गं बाई तू?"

मी आप्पांचे नाव सांगितले.

"त्याची लेक व्हय!" त्यांचा चेहरा उजळला. "लई सभ्य माणूस. गावातनं जाताना कधी सायकलीवर बसला न्हाई. हितं आला की उतरायचा. आताच्या पोरांना हाय का अशी रीत?"

ते खरोखर कौतुकाने बोलत होते. मी म्हणाले, "बाबा, ती त्यांची रीत नव्हती. त्यांना बसून जायची मुभा नव्हती. एकदा बसून गेले, तर इथेच त्यांच्या सायकलची हवा सोडली होती ना?"

म्हातारा बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सोडली व्हती. पोरं व्हतो आम्ही तवा."

आणखी काही बोलणे झाले नाही. तेवढ्यात शाळेला निघालेली मुले जमली. "मावशी, ही सायकल मिटती म्हणं! दाखवा ना!" मग त्या ओट्यासमोर, भर रस्त्यात, मी सायकलची घडी घातली आणि उलगडली. पुन्हा घातली, पुन्हा उलगडली. प्रत्येक मुलाला एकेकदा खटका लावू दिला. कोण कोणाचे, हे मी विचारले नाही. शेवटी सीटवर बसले आणि निघाले. मागून मुले धावत होती. मी उतरले नाही.

घ्यायची असेल तर

माझ्या गोष्टीने कोणाला अशी सायकल घ्यावीशी वाटली, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

पहिली, मधले बिजागर पाहा. सगळा जीव तिथे आहे. खटका बसवल्यावर हलता कामा नये. हँडल धरून सायकल पुढे-मागे करून बघा. निघण्यापूर्वी दर वेळी खटका हाताने तपासावा.

दुसरी, स्वतः उचलून एक जिना चढून पाहा. तेरा किलो कागदावर कमी वाटतात, तिसऱ्या मजल्यावर ते कळतात. सोळा इंची चाकांची घडी लहान होते, वीस इंची चाकांची खेड्याच्या रस्त्याला बरी पडते.

तिसरी, चाकात हवा भरपूर ठेवा. एक जादा ट्यूब, एक पाना आणि चादरीची पिशवी जवळ असू द्या. हिच्यावर डबल सीट घेऊ नका आणि सिलिंडर बांधू नका. ही अ‍ॅटलास नव्हे.

चौथी, नवीच घ्यावी असे नाही. हौसेने घेऊन बाल्कनीत ठेवलेल्या पुष्कळ असतात. चौकशी केली तर निम्म्या किमतीत मिळतात.

आपल्या चळवळीत सायकलला मोठा मान आहे. तालुक्या-तालुक्यात कार्यकर्ते सायकलवरून फिरले, जलसे सायकलवरून गेले. १९८३ साली कांशीरामजींनी दिल्लीहून सायकलयात्रा काढली तेव्हा शेकडो मैल पायडल मारत माणसे गेली. मोटार नव्हती, पैसा नव्हता, पण कोणाची वाट पाहायची नाही एवढी ताकद त्या दोन चाकांत होती. आज आपल्या पुष्कळ घरांत मोटारसायकल आली, काही घरांत गाडी आली. आनंदाची गोष्ट आहे. पण सायकल म्हणजे गरिबीची खूण, म्हणून मुलांना तिची लाज वाटू देऊ नका.

मागच्या महिन्यात पुन्हा श्रीगोंद्याला गेले होते. आत्या म्हणाली, "मला बसव की एकदा." डबल सीट चालत नाही, म्हणून तिला सीटवर बसवले, दोन्ही हातांनी सायकल धरली आणि आळीच्या टोकापर्यंत ढकलत नेली. वाटेत पारावर माणसे बसली होती. आत्याने विचारले, "कोण बसलंय गं?"

मी म्हणाले, "चार माणसं बसलीत."

"बसू देत," आत्या म्हणाली. "तू चल पुढं."